जेन ग्रेचा पांढरा झगा : 'लेडी जेन' (१९८६) पुन्हा पाहताना

तळ्यात_मळ्यात
शनिवार, रात्री ११:५०

काल 'लेडी जेन' पुन्हा पाहिला. पुन्हा म्हणजे तब्बल पंचवीस वर्षांनी. कॉलेजात असताना एका मैत्रिणीकडे व्हीसीआरवर पाहिला होता आणि शेवटी आम्ही चौघीजणी एकमेकींपासून तोंडं लपवून मुसमुसत बसलो होतो. या खेपेला सोबत आई होती. आई म्हणजे छत्तीस वर्षं शाळेत इतिहास-नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेली बाई. तिला शेजारी बसवून ऐतिहासिक सिनेमा बघायचा म्हणजे इन्स्पेक्शनच्या दिवशी पाठ घेण्यासारखं. ती अजिबात रडली नाही. चष्मा पुसला, पाणी प्यायली आणि म्हणाली, "पोरगी गुणी होती गं. पण नऊ दिवस राणी होती ना? मग राणी म्हणून हिनं नेमकं केलं काय?"

मी म्हटलं, आत्ता बघितलंस की. कैदी सोडले, खरं नाणं पाडायला सांगितलं, बळकावलेल्या जमिनी परत द्यायला सांगितल्या.

"ते सिनेमात. मी खरं विचारतेय."

मला उत्तर देता येईना. म्हणून हा धागा.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साल १५५३, इंग्लंड. आठव्या हेन्रीचा मुलगा राजा सहावा एडवर्ड पंधरा वर्षांचा आहे आणि मरणपंथाला लागलाय. कट्टर प्रॉटेस्टंट. त्याच्यामागे गादी जाणार सावत्र बहीण मेरीकडे, आणि ती तितकीच कट्टर कॅथलिक. एडवर्डनं स्वतःच्या हातानं वारसाचा कागद लिहिला. त्यात आधी होतं 'जेनच्या मुलग्यांना' (जेन म्हणजे त्याच्या आत्याची नात, तीही प्रॉटेस्टंट). आता जेनला मुलगे कुठले, तिचं लग्नसुद्धा झालेलं नव्हतं. दिवस भरत आले तेव्हा त्याच ओळीत दोन-तीन शब्द वर घुसडले आणि ते झालं 'जेनला आणि तिच्या मुलग्यांना'. एवढ्या खाडाखोडीवर एका पोरीचं मुंडकं उडालं. राज्याचा खरा कारभारी नॉर्थम्बरलंडचा ड्यूक. त्यानं मे महिन्यात आपल्या गिल्डफर्ड नावाच्या मुलाशी तिचं लग्न लावून दिलं. ६ जुलैला एडवर्ड गेला, १० जुलैला जेन राणी, १९ जुलैला मेरी राणी. १२ फेब्रुवारी १५५४ला सकाळी आधी गिल्डफर्डचं आणि मग जेनचं मुंडकं उडवलं. वय सोळा, फार तर सतरा.

सिनेमा ट्रेव्हर नन यांचा, पटकथा डेव्हिड एडगर यांची. दोघंही नाटकवाले आणि ते जाणवतं. माणसं दारातून आत येतात, उभी राहून बोलतात, जातात. सव्वादोन तासांहून मोठा आहे आणि मुकुट डोक्यावर यायला अर्ध्याच्या वर सिनेमा जातो. मला मात्र तोच अर्धा भाग आवडतो. सुरुवात अशी की बाहेर सगळे हरणाच्या शिकारीला गेलेत आणि ही आत प्लेटोचा 'फीडो' वाचत बसलीय, मूळ ग्रीकमधून. पुढे आई तिला लग्नाला तयार करण्यासाठी छडीनं फोडून काढते. तो प्रसंग मला आताही बघवला नाही.

मग लग्न. नवरा दारू पिऊन पडलेला, ही तोंड फिरवून बसलेली. आणि इथून सिनेमा मला हळूहळू हातचा सुटत गेला. वाटेत भिकारी भेटतात, अंगावर डाग दिलेले. गिल्डफर्ड तिला शिलिंग दाखवून सांगतो की यात शिलिंगभर चांदीच नाही. दोघं प्रेमात पडतात. रात्री काचेचे पेले एकेक करून फोडतात आणि प्रत्येक पेल्यामागे जगातला एकेक अन्याय मोडीत काढतात. दृश्य म्हणून देखणं आहे, प्रश्नच नाही. हेलेना बॉनम कार्टर तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांची, तिचे डोळे बघतच राहावेत असे. पण कॉलेजात जिथे हुंदका आला होता तिथे काल मनात आलं, हे जरा फारच स्वच्छ होतंय. सगळे मोठे पापी आणि ही दोन लेकरं तेवढी निर्मळ. जिला मारायचं ठरलंय तिला आधी धुऊन-पुसून पांढरं करून ठेवायचं, म्हणजे आपल्याला नीट रडता येतं.

माझं चुकत असेल तर सांगा. जाणकारांनी आईच्या प्रश्नाचं उत्तर द्यावं, ती सारखी विचारतेय.


फुटाणे
रविवार, सकाळी ७:१५

धागा छान. पण तुम्ही मुख्य गोष्ट सांगितलीच नाहीत. जेनचा बाप म्हणजे पॅट्रिक स्ट्युअर्ट! अंतराळयानाचा कप्तान व्हायच्या वर्षभर आधीचा. आणि जेन म्हणजे पुढे हॅरी पॉटरमध्ये केस पिंजारून लोकांना मारत सुटलेली बाई. एवढं सगळं झाल्यावर पोरगी बिघडणारच.


बखरबहाद्दर
रविवार, सकाळी ९:४०

ताई, तुमच्या मातोश्रींना दंडवत. प्रश्न अगदी नेमका आहे.

आधी सिनेमाच्या बाजूनं बोलतो. 'फीडो'चा प्रसंग बनावट नाही. १५५०च्या सुमारास रॉजर ॲस्कम हा विद्वान ब्रॅडगेटच्या वाड्यावर गेला, तेव्हा घरचे सगळे शिकारीला आणि ही तेरा-चौदा वर्षांची पोर ग्रीक प्लेटो वाचत बसलेली. त्यानं विचारलं, खेळायला का नाही गेलीस? ती म्हणाली, प्लेटोत जे सुख आहे त्याची त्यांच्या खेळात सावलीसुद्धा नाही. पुढे सांगितलं की आईबापांसमोर बसणं, उठणं, शिवणं, नाचणं, काहीही केलं तरी चिमटे आणि टोमणे, म्हणून मास्तरांकडे जायची तेवढी वेळ बरी वाटते. सिनेमानं ॲस्कमच्या जागी फेकनम हा कॅथलिक पाद्री आणून बसवला. त्याला कारण आहे, हाच फेकनम शेवटी तुरुंगात तिचं मन वळवायला जातो. सुरुवात आणि शेवट एका माणसानं शिवून टाकलाय. पटकथाकाराला इथे मी पैकीच्या पैकी मार्क देतो.

आता 'राणी म्हणून काय केलं'.

१० जुलैला ती लंडनच्या टॉवर किल्ल्यात आली. खजिनदार विंचेस्टर मुकुट घेऊन आला. ती नको म्हणत होती. तो म्हणाला, घाला की, आणि तुमच्या यजमानांसाठीही एक करून घेऊ. ही ठिणगी. आदल्या दिवसापर्यंत रडणाऱ्या पोरीच्या तेव्हा लक्षात आलं की हा सगळा खेळ डडली घराण्याला, म्हणजे सासऱ्यांच्या घराण्याला, राजा करण्यासाठी चाललाय. तिनं साफ सांगितलं की नवऱ्याला ड्यूक करीन, राजा करणार नाही, ते पार्लमेंटचं काम. गिल्डफर्ड रुसून आईकडे गेला. सासूबाई भडकल्या, मुलाला म्हणाल्या हिच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही आणि चल माझ्याबरोबर सायनच्या वाड्यावर. यावर आपल्या राणीसाहेबांनी काय करावं? अरुंडेल आणि पेम्ब्रुक या दोन अर्लना पाठवलं आणि नवऱ्याला दारातून परत आणवलं. राणीचा नवरा रात्री राणीच्या वाड्यात नाही, ही बातमी बाहेर जाता कामा नये. हे सगळं तिनं स्वतःच पुढे कैदेतून मेरीला कळवलेलं आहे.

सोळा वर्षांची मुलगी, राज्यावर येऊन चोवीस तास झाले नाहीत, आणि दोन सरदारांकरवी नवऱ्याला धरून आणते. पेले फोडण्याच्या प्रसंगापेक्षा मला हा प्रसंग पडद्यावर बघायला आवडला असता.

पुढचे आठ दिवस तिनं पत्रांवर सह्या केल्या. 'जेन द क्वीन'. फौज जमवा, मेरीचं ऐकू नका, माझ्याशी इमान राखा, अशी पत्रं. हात थरथरत होता असं अक्षरावरून तरी दिसत नाही.


चिंगी२
रविवार, सकाळी १०:२२

मी ते प्राइमवरच्या मालिकेमुळे इथे आले (तीच, ज्यात माणसं प्राणी होतात आणि जेन मरतच नाही, आणि एका सीझननंतर बंद केली 😢). म्हणजे खऱ्या जेनचं गिल्डफर्डवर अजिबात प्रेम नव्हतं? मन मोडू नका हो.


बखरबहाद्दर
रविवार, सकाळी १०:४५

चिंगीताई, लग्न मे अखेरीस, जुलैत दोघं अटकेत. त्यातही काही दिवस ती आजारी आणि सासरहून दूर. अटकेनंतर ती टॉवरच्या आवारात एका अधिकाऱ्याच्या घरात आणि तो भावांबरोबर बोशाम्प बुरुजात. प्रेमाला वेळ कुठाय? पण बोशाम्प बुरुजाच्या भिंतीवर दगडात 'जेन' असं नाव कोरलंय, तिथे जाल तेव्हा बघा. गिल्डफर्डनं कोरलं की त्याच्या एखाद्या भावानं, यावर वाद चालू दे. आईचं नावही जेनच होतं, त्यामुळे वाद आणखी रंगतो.

तो सकाळी आधी गेला. तिनं खिडकीतून त्याला जाताना पाहिलं आणि गाडीतून धड परत येताना, कापडात गुंडाळलेलं डोकं परत येताना पाहिलं. मग तासाभरात तिची पाळी. यात प्रेम होतं की नव्हतं ते तुम्ही ठरवा.


सावकाश
रविवार, दुपारी १२:०५

धागाकर्तीशी असहमत. जरा बाजू मांडतो.

हा सिनेमा १५५३चा नाहीच, तो थॅचरबाईंच्या इंग्लंडचा आहे. एडगर डाव्या विचारांचे नाटककार. नन आणि एडगर यांनी १९८० साली रॉयल शेक्सपिअर कंपनीत डिकन्सची आठ-साडेआठ तासांची एक कादंबरी रंगमंचावर आणली होती आणि तीही गरिबीबद्दलच होती. त्यांना जेन ग्रेच्या धर्मशास्त्रात रस नव्हता. त्यांना दोन तरुण हवे होते, ज्यांच्या हाती नऊ दिवस सत्ता आली तर ते काय करतील? शिलिंग हे त्याचं उत्तर.

आणि शिलिंग हवेतून आलेलं नाही. हेन्रीनं १५४४पासून चांदीत तांबं कालवायला सुरुवात केली. त्याच्या नाण्यावर चेहरा समोरून, त्यामुळे झिजताना आधी नाक झिजायचं आणि खालचं तांबं दिसायचं. लोकांनी राजाचं नाव ठेवलं 'म्हातारा तांबडनाक्या'. १५५१मध्ये तर सरकारनंच जाहीर केलं की बारा पेन्सचं शिलिंग आता नऊ पेन्सचं, आणि मग थोड्याच दिवसांत सहाचं. रात्रीत माणसाची बचत अर्धी. (आम्ही आठ नोव्हेंबर पाहिलेली माणसं, आम्हाला कोण काय सांगणार.) डाग देण्याचंही तसंच. १५४७चा कायदा होता, रिकामटेकडा सापडला की छातीवर डाग आणि दोन वर्षं गुलामी. इतका राक्षसी की १५५०मध्ये गुंडाळावा लागला.

म्हणजे अन्याय खरे आहेत. ते दूर करणारी जेन तेवढी रचलेली आहे. तिच्या नावाचं एकही नाणं कधी पाडलं गेलं नाही. पण सिनेमाला मी तेवढी मुभा देतो. प्रेमकथा नसती तर नव्वद टक्के प्रेक्षकांनी या शिलिंगाकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. तुमच्यासकट, ताई, कॉलेजात असताना.


तळ्यात_मळ्यात
रविवार, दुपारी १:३०

सावकाश, शेवटचा टोला मान्य. 🙏

पण माझी अडचण वेगळी आहे. शिलिंग दिलं याचा मला राग नाही, धर्म काढून घेतला याचा आहे. पूर्ण काढलेला नाही हे खरं, वादविवाद आहेत. पण खऱ्या जेनच्या अंगात जो धर्म होता तो काही गोड नव्हता. ही मुलगी झुरिकच्या बुलिंगर या प्रॉटेस्टंट धर्मगुरूशी लॅटिनमध्ये पत्रव्यवहार करत होती. मेरीनं तिला भरजरी झगा भेट पाठवला तर हिचं म्हणणं, मी हिचं कशाला अनुकरण करू, ही देवाच्या वचनाविरुद्ध चालते. जुने शिक्षक हार्डिंग कॅथलिक झाले तेव्हा तिनं कैदेतून त्यांना पत्र लिहिलं आणि त्यात त्यांना सैतानाचं वेडंविद्रं पोर म्हटलं. मास्तरांना! आई तिथे थोडी चमकली.

अशी मुलगी मला जास्त खरी वाटते. ती आपल्याला आवडेलच असं नाही. तिची सत्ता टिकली असती तर तिनं कुणाकुणाला जाळलं असतं, हा विचार सिनेमा आपल्याला करूच देत नाही.


कुंकवाचा_करंडा
रविवार, दुपारी २:१०

हे सगळं ठीक, पण त्या आईबद्दल कुणी बोलणार आहे का? फ्रान्सिस म्हणजे ठरलेली खलनायिका. छडी घेतलेली, शिकारी, जाडजूड, पोरीच्या मुळावर उठलेली. आता अनेक अभ्यासक म्हणतात की हे चित्र फार भडक रंगवलं गेलं. ॲस्कमनं लिहिलेलं ते संभाषण छापलं गेलं कधी? १५७० साली, वीस वर्षांनी, आणि तेही मुलांना मारून शिकवू नये हे पटवण्यासाठी लिहिलेल्या पुस्तकात. त्याला मारकुट्या आईबापांचं उदाहरण हवंच होतं. आणि त्या काळात मुलांना न मारणारं घर दाखवा मला.

आणि बाप? बापाला मेरीनं सोडून दिलं होतं. तो घरी गप्प बसला असता तर पोरगी कदाचित जगली असती. जानेवारीत स्पेनच्या फिलिपशी मेरीचं लग्न ठरतंय म्हणून वायट नावाच्या एकानं बंड केलं आणि हे महाशय लेस्टरशायरात माणसं जमवायला गेले. पोरगी कैदेत ठेवून! त्या बंडामुळे ती मेली. तरी सिनेमात आपण शिव्या कुणाला देतो? आईला. बाप गोंधळलेला, आई दुष्ट. आपल्याकडच्या मालिकांतही सासूच लागते, सासरे पेपर वाचत बसतात.


फुटाणे
रविवार, दुपारी २:१४

सासरे पेपर वाचत बसतात 😂😂 (इकडे पेपर खाली ठेवला)


बखरबहाद्दर
रविवार, दुपारी ३:००

करंडाताई, बापाबद्दल शंभर टक्के सहमत. त्याचं मुंडकं जेनच्या अकरा दिवसांनी, २३ फेब्रुवारीला उडालं.

आईबद्दल एवढंच की तिनं मेरीकडे धाव घेऊन नवऱ्याची सुटका मिळवली, ते १५५३च्या जुलैत. मुलीसाठी अशीच धाव घेतल्याची नोंद सापडत नाही. पुढे तिनं आपल्या पागेच्या कारभाऱ्याशी लग्न केलं आणि मेरीच्या दरबारी मानानं वावरली. त्यालाही दोन बाजू आहेत. राजरक्ताच्या विधवेनं आपल्याहून खूप खालच्या माणसाशी लग्न केलं की तिच्या पोटच्या मुलांना कुणी गादीचे दावेदार म्हणून उभं करणार नाही. जीव वाचवायची ती एक रीत होती.


पानगळ
रविवार, संध्याकाळी ६:२०

शीर्षकातला पांढरा झगा वाचून आत आले आणि तो कुठेच नाही! मग मीच सांगते.

लंडनच्या नॅशनल गॅलरीत देलारोश या फ्रेंच चित्रकाराचं चित्र आहे, १८३३चं. अडीच मीटर उंच, तीन मीटर रुंद. मधोमध डोळे बांधलेली जेन, पांढऱ्याशुभ्र सॅटिनमध्ये, हात पुढे करून ठोकळा चाचपतेय आणि एक वयस्क माणूस तिला हलकेच पुढे नेतोय. बाजूला दोन दासी, एकीनं भिंतीकडे तोंड केलंय. खाली गवत पसरलंय. रक्त टिपायला, हे लक्षात येतं तेव्हा पोटात खड्डा पडतो. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पुढची दालनं बघायची इच्छाच राहिली नाही.

आणि त्यात बरंच चूक आहे. हे अंधाऱ्या तळघरात घडलंच नाही, टॉवरच्या आवारात, उघड्यावर, सकाळी घडलं. झगा पांढरा नव्हता. खटल्याला ती काळ्या कपड्यांत चालत गेली होती आणि शिरच्छेदाच्या दिवशीही, असं समकालीन लिहितात. देलारोशचे प्रेक्षक पॅरिसचे. राणीचं मुंडकं म्हटलं की त्यांना चाळीस वर्षांपूर्वीची स्वतःची राणी आठवायची. चित्र जेनचं, रडू दुसरीसाठी.

त्या चित्राचं नशीबही जेनसारखंच. १९२८ साली थेम्सला पूर आला तेव्हा ते टेट गॅलरीत होतं. नष्ट झालं असं समजून सगळे विसरले. १९७३ साली गुंडाळीत सापडलं, जवळजवळ जसंच्या तसं. म्हणजे सिनेमा निघाला तेव्हा ते पुन्हा भिंतीवर लागून दहा-अकरा वर्षंच झाली होती.

चाचपडणं मात्र खरं आहे. डोळे स्वतःच बांधले, मग ठोकळा सापडेना, "मी काय करू? कुठे आहे?" असं तिनं विचारलं आणि जवळच्या एकानं तिचा हात धरून पोचवलं. एवढा वेळ ती पाठ केल्यासारखी नीट वागली, भाषण केलं, प्रार्थना म्हटली, हातमोजे-रुमाल दासीला दिले. आणि हात पुढे करून चाचपताना ती एकदम सोळा वर्षांची झाली. सिनेमा, चित्र, नाटक, सगळे तिथेच जाऊन थांबतात. मीही.


पोपटी_पाकीट
रविवार, रात्री ८:००

आपल्याकडे अशा विषयावर सिनेमे का होत नाहीत? आपल्या इतिहासात काय कमी आहे? येसूबाईंवर, सवाई माधवरावांवर...


सावकाश
रविवार, रात्री ८:०६

पोपटीराव, वेगळा धागा काढा, येतो. इथे धागा भरकटवू नका.


लेस्टरची_आत्या
रविवार, रात्री ११:३० (तुमची सोमवारची पहाट)

उशीर झाला, पण माझ्या अंगणातला विषय आहे म्हणून लिहितेच.

ब्रॅडगेट आमच्या घरापासून वीसेक मिनिटांवर. दर पावसाळ्यानंतर, म्हणजे इथे पावसाळा कधी संपतो हा वेगळा प्रश्न, आम्ही चार मराठी कुटुंबं डबे घेऊन तिथे जातो. न्यूटाउन लिनफर्ड गावाकडून आत शिरलात की लिन नावाची नदी आहे. नदी कसली, आमच्या साताऱ्यात तिला ओढा म्हणतील. तिच्या काठानं चालत गेलात की उजाड लाल विटांच्या भिंती लागतात. तोच जेनचा वाडा. किल्ला नव्हे, खंदक-बुरूज नसलेलं विटांचं राहतं घर, त्या काळात नव्या चालीचं. आता छप्पर नाही, बरीचशी जोतीच उरलीत.

आणि हरणं! सिनेमाच्या सुरुवातीला ज्यांच्या मागे लागतात त्यांची ही पतवंडं म्हणायची. शेकड्यांनी आहेत, माणसाला भीत नाहीत. माझ्या भाच्यानं एकदा ठेपला दाखवला तर एक काळवीट (काळवीट नव्हे, पण मोठ्या शिंगांचा नर, तुम्ही म्हणाल ते) सरळ अंगावर आला. कृपया हरणांना खायला घालू नये, पाटी आहे.

तिथे जुनी ओक झाडं आहेत, शेंडा छाटलेली, बुंधा पोटुशी. गावातले म्हातारे सांगतात की जेनचं डोकं उडाल्याची खबर आली तेव्हा वनरक्षकांनी दुःखानं सगळ्या ओकांचे शेंडे उडवले. माझा नवरा कृषी पदवीधर. तो पहिल्याच वेळी म्हणाला, "फांद्या मिळाव्यात म्हणून छाटतात गं, आपण शेवरी छाटतो तशी." त्याला मी तेव्हापासून ओकांबद्दल बोलू देत नाही.

लेस्टरला राजा-राण्यांचं भाग्यच वेगळं. तिसरा रिचर्ड इथे २०१२ साली कार पार्कखाली सापडला. त्याला कॅथीड्रलमध्ये थाटानं थडगं मिळालं. जेन मात्र तिकडे टॉवरमधल्या सेंट पीटर चॅपलमध्ये, फरशीखाली.

धागाकर्तीच्या आईंना सांगा, इकडे आल्या तर नेते. पार्किंगचे पैसे माझे.


चिंगी२
सोमवार, सकाळी ८:५०

आत्या, काळवीट 😄

मला एक कळत नाही. मेरीनं आधी मारलं का नाही? आणि मग का मारलं? आम्हाला शाळेत 'रक्तपिपासू मेरी' एवढंच शिकवलंय.


बखरबहाद्दर
सोमवार, सकाळी ११:१५

कारण मेरीला मारायचं नव्हतं. नॉर्थम्बरलंडला ऑगस्टमध्ये उडवला. (मरण्यापूर्वी तो कॅथलिक झाला, जेनला त्याची अतोनात चीड आली.) जेनचा खटला नोव्हेंबरात गिल्डहॉलमध्ये झाला, शिक्षा सुनावली, पण अंमल नाही. पोर आहे, दुसऱ्यांनी खेळवली, असं मेरीचं मत होतं. सम्राट पाचव्या चार्ल्सचा (फिलिपच्या बापाचा) राजदूत रेनार्ड मात्र सारखा कानाशी लागलेला. वायटचं बंड झालं आणि जेनचा बाप त्यात सापडला, तेव्हा मेरीजवळ सबब उरली नाही. तरीही तिनं तीन दिवस शिक्षा पुढे ढकलली आणि फेकनमला पाठवलं, की धर्म बदलतेय का बघ.

तो संवाद छापलेला आहे. फेकनम म्हणतो, येशू स्वतः म्हणाला ना, हे माझं शरीर आहे? ही म्हणते, तो असंही म्हणाला की मी द्राक्षवेल आहे, मी दार आहे. मग तो वेल झाला का, दार झाला का? मरणाच्या दोन दिवस आधी. फेकनमला बिचाऱ्याला ती हरवत होती आणि त्याला ती आवडतही होती. तो तिच्याबरोबर वधाच्या चौथऱ्यापर्यंत गेला. सिनेमातला हा धागा मला सर्वांत प्रामाणिक वाटतो, गिल्डफर्डपेक्षा कितीतरी.

ताई, एक राहिलंच. मातोश्रींच्या प्रश्नाचं खरं उत्तर यात आहे.

१० जुलैला लंडनच्या चौकांत जेनच्या नावाची द्वाही फिरली. लोक गप्प. टाळी नाही, टोप्या उडवणं नाही. त्या गर्दीत गिल्बर्ट पॉट नावाचं, लडगेटजवळच्या एका दारूच्या दुकानात पेले भरणारं पोर होतं. ते म्हणालं, खरा हक्क मेरीबाईंचा. त्याच्या मालकानंच चुगली केली. दुसऱ्या दिवशी सकाळी चीपसाइडला त्याला खोड्यात घालून दोन्ही कान कापले. तुतारी वाजवून, राणी जेनच्या नावानं. संध्याकाळी चुगली करणारा मालक लंडन ब्रिजखाली होडी उलटून बुडाला. शहरानं काय म्हटलं असेल ते वेगळं सांगायला नको.

जेनला याची कल्पना होती का, हुकूम तिचा की तिच्या सल्लागार मंडळाचा, ही चर्चा करता येईल. पण सही तिची चालत होती. नऊ दिवसांतला दुसरा दिवस.


सावकाश
सोमवार, दुपारी १:००

हे माहीत नव्हतं. आणि सिनेमात याची जागा कुठे आहे हेही दिसतंय. जिथे ती कैद्यांना सोडते, बरोब्बर तिथे.

शिलिंगाबद्दलचे माझे शब्द मागे घेत नाही, पण जरा आवाज खाली करतो.


तळ्यात_मळ्यात
सोमवार, रात्री १०:४०

सगळ्यांचे आभार. आज जेवण झाल्यावर बखरबहाद्दर यांचे दोन मोठे प्रतिसाद आईला मोठ्यानं वाचून दाखवले. नवऱ्याला दारातून परत आणवल्याचं ऐकून ती "शाब्बास!" म्हणाली. वेल आणि दाराशी थांबवून दोनदा वाचायला लावलं. फेकनमबद्दल म्हणाली, हा शिक्षक चांगला असणार.

कान कापलेल्या पोराचं आलं तेव्हा काही बोलली नाही. उठून कट्ट्यावरची दुधाची पातेली आत ठेवली, गॅस बघितला. मग दिवा बंद करता करता म्हणाली, "त्या पेलेवाल्या पोराचा सिनेमा निघालाय का? असेल तर उद्या तो लाव."